किमान दोन इसम

चालणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते एकदा माझ्यासारखं करून बघावं. मला फक्त एका तळ्याभोवती चक्कर मारायची होती. साडेपाच किलोमीटर. पुस्तकात तिच्यापुढे स्वच्छ छापलंय, 'अत्यंत सोपी. लहान मुले, वयस्कर व नवशिके यांनाही सहज जमेल.' यातल्या दोन वर्गांत मी बसतो, आणि समोरच्या वहिनींचं ऐकाल तर तिन्ही वर्गांत बसतो. तरीही ही चक्कर पुरी व्हायला मला एकोणीस दिवस लागले, आणि तेवढ्यात माझ्या अब्रूची जी लक्तरं निघाली ती मी अजून गोळा करतोय.

पुस्तक माझं नव्हे, ताईचं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं सदतीस वर्षं राहिलो. लग्न तिनंही केलं नाही, मीही नाही. तिचं कारण तिला ठाऊक, आणि माझं मला कोणी विचारलंच नाही. ती ग्रंथालयात नोकरीला, सुट्टी गुरुवारी. निवृत्त झाली तरी तिचा गुरुवार काही सुटला नाही. दर गुरुवारी सकाळी ती पायात बूट चढवायची, दोन उकडलेली अंडी आणि मीठमिरीची पुडी पिशवीत टाकायची आणि दारात उभी राहून विचारायची, "येतोस का?"

मी म्हणायचो, "पुढच्या गुरुवारी."

"बरं," म्हणायची आणि जायची. रुसवा नाही, आग्रह नाही. नोकरीत होतो तोवर माझ्याकडे कामाची सबब होती. निवृत्त झाल्यावर सबब उरली नाही, तरी उत्तर तेच राहिलं. एकदा तोंडात बसलेला मजकूर मी सहसा बदलत नाही.

ताई गेली त्याला आठ महिने झाले. घर शांत झालं म्हणावं, तर तसंही नाही. मी स्वतःशी बरंच बोलतो. पण मला मुद्देसूद बोलायची सवय असल्यामुळे संभाषण लवकर संपतं. मग दोन कप चहा टाकतो आणि दुसऱ्या कपाकडे बघत बसतो. आठ महिन्यांत एक कप चहा टाकायचा अंदाज मला आलेला नाही.

तर तिचं कपाट आवरताना हे पुस्तक सापडलं. नदीचं खोरं, तळी आणि राखीव रानं यांतल्या सोप्या पायवाटा, एकूण बेचाळीस. एकेचाळीस वाटांपुढे ताईची पेन्सिलीची खूण होती, छोटी, सरळ, ग्रंथालयातल्या कार्डावर करतात तशी. सत्ताविसावी वाट तेवढी कोरी. 'तलाव-फेरी.' तिच्या समासात ताईच्या अक्षरात दोन शब्द होते: 'ह्याला घेऊन.'

ह्याला म्हणजे मला. आमच्या घरात दुसरा 'हा' नव्हताच.

पुस्तक हातात घेऊन मी बराच वेळ जमिनीवर बसून राहिलो. बेचाळीसपैकी एक काम प्रलंबित असलेली फाइल मला जन्मात बघवलेली नाही, हे एक. पण खरं सांगायचं तर ते कारण नव्हतं. सदतीस वर्षांत गुरुवार किती होतात ते मी हिशेबाला बसलो आणि पहिल्या दोन वर्षांतच थांबलो. त्यातला एकही गुरुवार मी तिला दिला नव्हता. ठरवलं, ती फेरी मी करणार आणि ती खूण मी करणार.

इथे एक लाजिरवाणी गोष्ट सांगून टाकतो. ते तळं ज्या राखीव रानात आहे, त्या रानाच्या शहरातल्या कार्यालयात मी एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली चौदा हेडक्लार्क म्हणून. तळ्याचं क्षेत्रफळ मला दशांश चिन्हापुढच्या तीन आकड्यांसकट पाठ होतं. तळं मात्र पाहिलं नव्हतं. ते बसने सव्वा तासावर होतं आणि माझी फाइल टेबलावर होती.

माझी पहिली चूक म्हणजे हा बेत मी जिन्यात बोललो. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर खाली उतरत होते, त्यांनी सहज विचारलं, "काय म्हणताय?" आणि मी सहज सांगितलं. संध्याकाळपर्यंत इमारतीतल्या प्रत्येकाला माझ्यापेक्षा जास्त माहिती होती.

"बूट कुठले घालणार?" डॉक्टरांनी विचारलं. मी पायातल्या चपलांकडे बघितलं. त्यांनी माझ्या पायांकडे असं बघितलं, जसं ते किडक्या दाढेकडे बघत असतील. मग वरून स्वतःचे डोंगरबूट आणून दिले. "दोन नंबरांनी मोठे आहेत, पण मोज्यांचे दोन जोड घाला. चालणं सगळं बुटांत असतं." डॉक्टर स्वतः किती चालतात ते विचारलं, तर म्हणाले, "छे, मला वेळ कुठे?"

खालच्या मजल्यावरचे विमेवाले दुसऱ्या दिवशी आले. साठीनंतर एकट्याने रानात जाणाऱ्या माणसांचं काय काय होतं याची त्यांच्याकडे यादीच होती. घसरणं, बुडणं, मधमाशा, चक्कर, वाट चुकणं. मधमाशांपाशी आल्यावर त्यांचे डोळे चमकले. जाताना त्यांनी मला एक शिट्टी दिली. "काही झालं तर तीनदा वाजवायची," म्हणाले. "तीन वेळा म्हणजे मदत. दोन वेळा वाजवलीत तर कोणी येणार नाही."

समोरच्या वहिनींनी रुंद काठाची एक टोपी दिली. तिला हनुवटीखाली बांधायची जांभळी फीत होती. "उन्हात भोवळ येईल भावोजी तुम्हाला. आणि हसायचं नाही, बांधायची." मी कुठे हसत होतो? हसत त्या होत्या.

म्हणजे बूट झाले, शिट्टी झाली, टोपी झाली. राहिला परवाना. तो आणायला मी माझ्या जुन्या कार्यालयात गेलो. थोडं ताठच गेलो म्हणा ना. चौदा वर्षं ज्या खुर्चीत बसलो, ती खुर्ची उठून उभी राहील अशी काहीतरी माझी कल्पना असावी.

खुर्चीत चष्मा लावलेली एक तरुण मुलगी बसली होती. ती उठली नाही. माझा अर्ज बघून तिने विचारलं, "आजोबा, बरोबर कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग नाही मिळणार. नियम क्रमांक सात." आणि तिने काचेखाली ठेवलेल्या कागदावर बोट ठेवलं.

तो कागद मला वाचायची गरज नव्हती. 'तलाव-फेरीसाठी किमान दोन इसम एकत्र असल्याखेरीज प्रवेश दिला जाणार नाही. सोबतीचा इसम सज्ञान, शुद्धीवर व स्वतःच्या पायांवर चालणारा असावा. सोबतीचा इसम वाटेत सोडून गेल्यास उरलेला इसम एकटा समजण्यात येईल.' ही भाषा, हे स्वल्पविराम, ही धार. हा नियम मी लिहिला होता.

त्यामागे इतिहास आहे. बावीस वर्षांपूर्वी कोणी एक घड्याळजी एकटाच तलाव-फेरीला गेला, पलीकडच्या काठावर त्याचा पाय मुरगळला आणि तो एका खडकावर चार तास दहा मिनिटं बसून राहिला. त्याने कार्यालयाला अकरा पानी तक्रार केली. मी उत्तर दिलं, 'बाब विचाराधीन आहे.' त्याने पुन्हा लिहिलं. मी पुन्हा उत्तर दिलं. तीन वर्षं हा पत्रव्यवहार चालला. शेवटची पाच पत्रं तर केवळ ती दहा मिनिटं होती की बारा, यावर होती. पुन्हा असा पत्रव्यवहार कोणाच्या नशिबी येऊ नये म्हणून मी तो नियम केला. एकटा माणूस आतच गेला नाही, तर तक्रार येईल कुठून?

त्या रात्री जेवताना मी ताईला तो वाचून दाखवला होता. मला वाटलं ती म्हणेल, काय बांधीव लिहिलंयस रे. ती म्हणाली, "आणि ज्याला कोणीच नाही, त्याने काय करायचं?"

"ज्याला कोणीच नाही, त्याने घरी बसायचं."

ताईने मिठाची वाटी माझ्याकडे सरकवली आणि जेवत राहिली.

आता मी त्या मुलीपुढे माझ्याच नियमाला भोक पाडायचा प्रयत्न करू लागलो. म्हटलं, बहिणीचा फोटो बरोबर नेला तर? ती म्हणाली, "शुद्धीवर हवा इसम." म्हटलं, तिथेच कोणाची गाठ पडली तर? म्हणाली, "फाटकावर दोघं एकत्र उभे असले तर चौकीदार तिथल्या तिथे परवाना देतो. पण दोघं हवेतच." मग जरा जपून म्हटलं, अहो, हा नियम ज्याने केला त्याचा हेतू लक्षात घ्या. ती हसली. "तो जुना हेडक्लार्क? फार किचकट माणूस होता म्हणे. त्याने एकही फट ठेवली नाहीये बघा. तुम्ही असं करा आजोबा, घरी बसा ना निवांत."

मी बाहेर आलो. स्वतःच खणलेल्या खड्ड्यात पडायची म्हण मी कित्येकदा वापरली होती, पण खड्डा इतका चांगला खणलेला असतो हे मला ठाऊक नव्हतं.

म्हणजे आता एक इसम हवा होता. सज्ञान, शुद्धीवर, चालता. तुम्हाला वाटेल, एवढ्या मोठ्या शहरात एक इसम मिळणं काय अवघड? मलाही तसंच वाटलं होतं. मी कागद घेतला आणि ओळखीच्या माणसांची यादी करायला बसलो. पहिली तीन नावं भराभर आली. चौथ्या नावाशी पेन थांबलं ते थांबलंच. मला बरीच माणसं ओळखत होती, पण ती सगळी ताईची होती. दूधवाला ताईची चौकशी करायचा, कोपऱ्यावरचा वाणी ताईच्या तब्येतीला विचारायचा, मी आपला शेजारी उभा राहून मान हलवायचो. तिच्या मागे मी राहिलो तो, म्हणजे नियमाच्याच भाषेत सांगायचं तर, उरलेला इसम.

डॉक्टरांना विचारलं. त्यांना गुरुवारी तीन कवळ्या बसवायच्या होत्या. मग वेगळा वार ठरवू म्हटलं, तर कवळ्या रोजच होत्या. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "मी आले असते हो, पण मला मेलं चालणं सोसत नाही. तुम्ही टोपी मात्र बांधा." कार्यालयातल्या जुन्या टंकलेखकाला फोन केला, तर त्याच्या मुलाने उचलला आणि टंकलेखक मागच्या वर्षीच गेल्याचं सांगितलं. मी सांत्वन केलं आणि फोन ठेवला. मग पुन्हा उचलून उगाच कानाला लावून बसलो.

शेवटी विमेवाले पाझरले. "जाऊ हो आपण! त्यात काय? येता गुरुवार." त्या रात्री मला झोप लागली नाही. लहानपणी सहलीच्या आदल्या रात्री लागत नसे तशी. पहाटे उठून मी दोन अंडी उकडली.

बसमध्ये आम्ही शेजारी शेजारी बसलो. मी टोपी बांधून, शिट्टी गळ्यात, मोज्यांचे दोन जोड. विमेवाले साध्या पोशाखात. तिसऱ्या थांब्यावर त्यांचा फोन वाजला. "हो हो हो, आत्ता येतो," म्हणत ते उठलेच. "मोठी पॉलिसी आहे हो, हातची जाईल. तुम्ही व्हा पुढे, मी मागच्या बसने आलोच." दारातून त्यांनी हात केला. मी खिडकीतून बघत होतो. ते मागच्या बसच्या थांब्याकडे न जाता सरळ रिक्षात बसले.

खरं तर मीही उतरायला हवं होतं. पण मला वाटलं, फाटकावर मी माझी ओळख सांगीन. ज्याने नियम केला त्याला नियम कसा लावणार? माणूस दुखावला की त्याला असलं काहीतरी सुचतं.

पुस्तकात लिहिलं होतं, 'नदीकाठच्या पिवळ्या घरापाशी उतरावे.' मी कंडक्टरला पिवळ्या घरापाशी सोडा म्हटलं. तो म्हणाला, कुठलं पिवळं घर? मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "अरे ते! ते हिरवं केलं ना. मग निळं केलं. आता पाडलं." एवढी माहिती मिळेपर्यंत बस ते नसलेलं घर मागे टाकून दोन थांबे पुढे गेली होती.

उतरलो आणि नदी धरून मागे चालू लागलो. वाट सोपी होती, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. उजवीकडे संथ पाणी, डावीकडे कमरेएवढं गवत, माणूस एक नाही. ताई या सगळ्या वाटा एकटीच चालली असेल का? तेव्हा ती कोणाशी बोलत असेल? हा प्रश्न मला सदतीस वर्षांत पहिल्यांदा पडला.

'पुढे ओढा लागेल, तो तीन दगडांवरून ओलांडावा,' पुस्तक म्हणत होतं. ओढा लागला. दगड दोन होते. मी पहिल्यावर पाय ठेवला, दुसऱ्यावर ठेवला आणि तिसऱ्याच्या जागी ठेवला. पाणी गुडघ्याएवढंच होतं, पण मी त्यात बसलो होतो. डॉक्टरांचा डावा बूट चिखलात रुतला आणि मोज्यांचे दोन्ही जोड घेऊन मी त्यातून बाहेर आलो. तेव्हा मला शिट्टी आठवली. तीनदा वाजवली. पलीकडच्या झुडपातून एक गळवाला उभा राहिला.

"अहो, सकाळपासून एक मासा जवळ आला होता! एकच!"

"मी मदतीसाठी वाजवली," मी बसल्या बसल्या सांगितलं.

"मग मासे कशाला पळवता? हाक मारायची!" असं म्हणून त्याने गळाच्या काठीने माझा बूट ओढून काढला, माझ्या पुढ्यात टाकला आणि तो खालच्या अंगाला निघून गेला. त्याला मी 'दुसरा इसम' म्हणून विचारणार होतो, पण एकंदर रंग बघून विचारलं नाही.

फाटकापाशी पोचलो तेव्हा पावणेबारा झाले होते. बुटांतून पचक पचक आवाज येत होता, आणि टोपीची फीत भिजून आवळल्यामुळे ती सुटत नव्हती. चौकीदार पन्नाशीचा, शांत माणूस होता. त्याने माझ्या मागे बघितलं, आणखी मागे बघितलं, आणि विचारलं, "दुसरं माणूस?"

"मागच्या बसने येतंय," मी म्हणालो. आम्ही दोघांनी रस्त्याकडे बघितलं. "नाही येत," मी म्हणालो.

"मग नाही सोडता येत, काका. नियम आहे."

"तो नियम मी केलाय!" मी ओरडलोच. जांभळ्या फितीच्या टोपीतून, चिखलाने माखलेला, मी छातीवर हात मारून सांगितलं, "मी! हेडक्लार्क होतो मी! प्रत्येक स्वल्पविराम माझा आहे त्यातला!"

चौकीदार माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता हा हसणार. तो हसला नाही. त्याने हातातली चहाची किटली खाली ठेवली.

"म्हणजे तुम्ही गुरुवारच्या बाईंचे भाऊ?"

"कोण गुरुवारच्या बाई?"

त्याने फाटकाशेजारच्या बाकाकडे बोट केलं. "तिथं बसायच्या. दर गुरुवारी सकाळपासून. एकटं माणूस आलं, मी अडवलं, की बाई उठायच्या. म्हणायच्या, चला, मी आहे. आणि त्याच्याबरोबर फेरी करून यायच्या. कधी दिवसात दोनदा. मी अठरा वर्षं आहे या फाटकावर, आणि माझ्या आधीपासून येत होत्या. गेले सातआठ महिने दिसल्या नाहीत. बऱ्या आहेत ना?"

मी नुसती नकारार्थी मान हलवली. त्याला ते कळलं असावं. तो आत गेला आणि जुन्या नोंदवह्यांचा गठ्ठा घेऊन आला. शहरातल्या कार्यालयात आमच्याकडे महिन्याची फक्त बेरीज यायची. या वह्या मी कधी पाहिल्याच नव्हत्या. मी एक उघडली. ओळीत दोन नावं. पहिलं दर वेळी वेगळं: कोणी सुतार, कोणी परिचारिका, कोणी नुसतंच आडनाव. दुसरं नाव दर वेळी एकच, ग्रंथालयाच्या कार्डासारखं सरळ, स्वच्छ. 'नाते' या रकान्यात तिने सगळीकडे एकच शब्द लिहिला होता. 'सोबत.' पान उलटलं. सोबत, सोबत, सोबत. हा रकानाही मीच आखलेला.

"लोक फार शिव्या द्यायचे हो त्या नियमाला," चौकीदार म्हणाला. "बाई म्हणायच्या, देऊ नका, माझ्या भावाने केलाय. माणूस वाईट नाही. त्याला एकटं राहायची भीती वाटते, म्हणून सगळ्यांना जोडी लावायला निघालाय. मी विचारायचो, मग भावाला आणा की एकदा. तर म्हणायच्या..."

"पुढच्या गुरुवारी," मी म्हणालो.

"हां. पुढच्या गुरुवारी."

मी बाकावर बसलो आणि रडलो. हेडक्लार्कला शोभेल असं नाही, चांगलं भोकाड पसरून रडलो. रुमालही ओढ्यात भिजलेला, त्याचा काही उपयोग नव्हता. आठ महिन्यांत मला हे जमलं नव्हतं. चौकीदाराने चहा आणून माझ्या शेजारी ठेवला आणि फाटकाची कडी उगाच दोनदा लावली, दोनदा काढली.

तेवढ्यात एक लंगडणारे वृद्ध गृहस्थ आले. मला मान लववून ते बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले आणि त्यांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं. "अकरा अठ्ठावन्न," त्यांनी जाहीर केलं.

"हेही एकटेच," चौकीदार माझ्या कानाशी म्हणाला. "बाई यांना बरोबर न्यायच्या. आता दर गुरुवारी येतात, बसतात, आणि परत जातात. दुसरं कोणी यांच्याबरोबर जायला तयार होत नाही. दर पाच मिनिटांनी वेळ सांगतात."

मी त्यांच्याकडे वळलो. "आपण जायचं का? दोघं होतो."

त्यांनी मला टोपीपासून बुटांपर्यंत तपासलं. "हरकत नाही. नियम क्रमांक सातची पूर्तता होते."

"तुम्हाला क्रमांक कसा ठाऊक?"

"माझ्यामुळेच झाला तो. बावीस वर्षांपूर्वी पलीकडच्या काठावर माझा पाय मुरगळला होता."

मी कप खाली ठेवला. "चार तास दहा मिनिटं?"

"बारा!" घड्याळजी उसळले. "चार तास बारा मिनिटं! त्या हेडक्लार्कने शेवटपर्यंत दहाच धरली!"

"बाब विचाराधीन होती," मी म्हणालो.

ते माझ्याकडे टक लावून बघत राहिले. मग त्यांचा एक गाल हलला, मग दुसरा, आणि आम्ही दोघं असे हसत सुटलो की चौकीदाराला वही आवरून धरावी लागली. नात्याच्या रकान्यापाशी मी थांबलो. घड्याळजी म्हणाले, "पत्रव्यवहार लिहा." मी लिहायला पेन टेकवलं होतं, पण शब्द दुसराच उमटला. सोबत.

तळं फाइलीतल्यापेक्षा खूप मोठं निघालं. दशांश चिन्हाच्या पुढे जे होतं ते मला कोणी कळवलंच नव्हतं. पाण्यावर पक्षी होते, त्यांची नावं मला येत नव्हती आणि घड्याळजींना फक्त त्यांच्या येण्याच्या वेळा ठाऊक होत्या. मी पचक पचक, ते लंगडत, असे आम्ही चाललो होतो. पलीकडच्या काठावर एका सपाट खडकापाशी ते थांबले. "हाच तो. बाई इथं बसायच्या. दोन अंडी काढायच्या, एक मला द्यायच्या. मी विचारलं, दर वेळी दोन कशाला आणता? म्हणाल्या, एक माझं, आणि एक भावाचं. तो आला नाही, की जो येईल त्याचं."

आणि मला वाटायचं, ताईला दोन अंडी लागतात. मी पिशवीतून अंडी काढली. एक फुटलं होतं. ते मी घेतलं.

फाटकाशी परत आलो तेव्हा मी पुस्तक काढलं. ओढ्याने पानं फुगली होती, पण पेन्सिलीचे ते दोन शब्द शाबूत होते. मी पेन्सिल टेकवली आणि हात पुढे जाईना. ही फेरी तिने शेकडो वेळा केली होती, येईल त्याला घेऊन, तरी इथे खूण केली नव्हती. आता मी एकट्याने कशी करू?

घड्याळजींनी खांद्यावरून वाकून वाचलं. "ह्याला घेऊन," ते म्हणाले. "बरोबर आहे की. तुम्हाला इथं आणलं कोणी? बाईंनीच ना? मग करा खूण." आणि घड्याळात बघून म्हणाले, "तीन वाजून एक मिनिट."

मी खूण केली. ती तिच्याइतकी सरळ आली नाही.

नियम क्रमांक सात रद्द व्हावा म्हणून मी कार्यालयाला रीतसर अर्ज केला. चष्मेवाल्या मुलीच्या सहीने उत्तर आलं, 'बाब विचाराधीन आहे.' मजकूर निर्दोष होता. मी पुन्हा लिहिलंय. पण तोपर्यंत कोणीतरी तिथे बसायला हवंच. डॉक्टरांचे बूट धुऊन परत केले, माझ्या मापाचे घेतले. गुरुवारी मी बाकाच्या एका टोकाला असतो, घड्याळजी दुसऱ्या टोकाला.

परवा एक तरुण बाई आली. एकटीच. डोळे सुजलेले, हातात पाण्याची बाटली. चौकीदाराने तिला अडवलं, तशी ती फाटकावर लावलेल्या नियमाच्या कागदावर हात आपटून म्हणाली, "एकट्या माणसाने चालायचंही नाही? कुठल्या शहाण्याने केला हा नियम?"

घड्याळजींनी माझ्याकडे बघितलं. मी पिशवी उचलली. आत अंडी दोन होती.

"आहे एक," मी म्हणालो. "चला, मी आहे. वाटेत सांगतो."